वऱ्हाडचा कापूस, जगाचे नियम आणि दारिद्र्यनिवारण

मोर्णा नदीच्या पश्चिम तीरावर असदगड किल्ला आणि राजराजेश्वराचे मंदिर यांच्या आश्रयाने वाढलेली अकोल्याची वस्ती ‘जुने शहर’ या नावाने ओळखली जाते. नदीच्या पूर्वेस ताजनापेठ आणि त्यापलीकडे रेल्वेस्थानक. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि शहराचा व्यापारी विस्तार प्रामुख्याने याच पूर्व बाजूस झाला. जुन्या शहरातील कष्टकरी कुटुंबांचा संसार पिढ्यान्पिढ्या या व्यापाराशी बांधलेला आहे. कापसाची आवक चांगली असली की हमालाला, मापाऱ्याला, हातगाडीवाल्याला आणि किरकोळ दुकानदारालाही चार पैसे मिळतात. आवक मंदावली किंवा भाव कोसळला की त्याची झळ शेतकऱ्याच्या पाठोपाठ या वस्तीलाही लागते.

हा भाव ठरतो कोठे, हा प्रश्न वरवर साधा वाटतो. परंतु त्याचे उत्तर शोधू लागले की वाट अकोल्याच्या बाजारातून मुंबईकडे आणि मुंबईहून थेट लिव्हरपूल, न्यूयॉर्क व जिनिव्हा या शहरांकडे जाते. तेथे निर्णय घेणाऱ्या संस्थांपैकी अनेक संस्था कोणत्याही देशाचे सरकार नाहीत. त्यांत व्यापाऱ्यांचे संघ आहेत, वायदेबाजार आहेत, बियाणे कंपन्या आहेत, प्रमाणपत्र देणारी मंडळे आहेत, धर्मादाय विश्वस्त निधी आहेत आणि स्वयंसेवी संघटनाही आहेत. अर्थशास्त्राच्या परिभाषेत त्यांना बिगर-शासकीय घटक असे म्हणतात. जगातील दारिद्र्य हटविण्याच्या कार्यात या घटकांचे स्थान कोणते, हा आज सर्वत्र चर्चेचा विषय आहे. वऱ्हाडला मात्र तो नवा नाही. गेली सुमारे १६५ वर्षे हा प्रदेश त्याचा अनुभव घेत आला आहे.

मँचेस्टरची मागणी आणि वऱ्हाडची तेजी

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपविला. त्यानंतर चारच वर्षांनी, १८५७ मध्ये, इंग्लंडमधील मँचेस्टर येथे गिरणीमालकांच्या पुढाकाराने कापूस पुरवठा संघ स्थापन झाला. अमेरिकेच्या कापसावर अवलंबून राहणे धोक्याचे आहे, म्हणून हिंदुस्थानात रस्ते व लोहमार्ग बांधावेत आणि कापसाची लागवड वाढवावी, असा आग्रह या संघाने धरला. हा संघ म्हणजे सरकार नव्हे. तथापि सरकारचे धोरण वळविण्याइतके वजन त्यास होते. वऱ्हाडच्या अर्थकारणात शिरलेला हा पहिल्या बिगर-शासकीय घटकांपैकी एक होय.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला. अमरावतीच्या नावावरून लिव्हरपूलच्या बाजारात हा कापूस ‘ऊमरा’ या नावाने ओळखला जाऊ लागला. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला, आणि त्याच वर्षी मुंबई व लंडन ही शहरे समुद्राखालील तारेने जोडली गेली. लिव्हरपूलचा भाव वऱ्हाडच्या बाजारपेठेत कळण्यास पूर्वी कित्येक आठवडे लागत. आता तो अल्पावधीत कळू लागला. स्वित्झर्लंडमधील विंटरथूर व मुंबई येथे १८५१ मध्ये स्थापन झालेली व्होलकार्ट ब्रदर्स आणि लंडनची राली ब्रदर्स यांसारख्या विदेशी पेढ्यांनी या खरेदीत पाय रोवले.

तेजी फार काळ टिकली नाही. १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले आणि भाव उतरले. कापसाखाली गेलेली जमीन, वाढलेले कर्ज आणि बाजारावरचे अवलंबन मात्र मागे राहिले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या वर्षांच्या दुष्काळांनी ही दुर्बलता उघडी पाडली. १८९१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ मध्ये ती सुमारे साडेसत्तावीस लाखांवर आली. जगाच्या बाजारपेठेशी जोडला गेलेला, लोहमार्ग आणि तारायंत्र लाभलेला हा प्रदेश धान्याअभावी व मजुरीअभावी माणसे गमावीत होता. व्यापार वाढल्याने दारिद्र्य आपोआप हटत नाही, हा धडा वऱ्हाडने फार मोठी किंमत देऊन शिकला.

कारंजाचा बाजार : एक मूलगामी प्रयोग

याच काळात वऱ्हाडात एक निराळा प्रयोगही आकारास येत होता. कापूस विकणाऱ्या शेतकऱ्याची वजनात, कटतीत आणि दलालीत लूट होऊ नये, या हेतूने १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातील नियंत्रित बाजाराचा हा आरंभ मानला जातो. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा झाला. बाजारासाठी समिती असावी, वजनमापे तपासली जावीत, अडत व हमालीचे दर ठरलेले असावेत, ही तत्त्वे त्यात होती.

या व्यवस्थेत एक उणीव होती. बाजार नियमांखाली आला, परंतु नियम करणाऱ्यांत व्यापाऱ्यांचे वजन अधिक आणि शेतकऱ्याचे स्थान अपुरे होते. ही उणीव भरून काढण्यास अनेक दशके लागली. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने देशभर नियंत्रित बाजार स्थापण्याची शिफारस केली. महाराष्ट्रात १९६३ च्या कृषि उत्पन्न पणन कायद्याने बाजार समितीत शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींना बहुमत दिले. या कायद्याखाली रूढ झालेल्या रचनेत सहकारी संस्थांचे ११, ग्रामपंचायतींचे ४, व्यापारी व अडत्यांचे २ आणि हमाल-तोलाऱ्यांचा १ असे प्रतिनिधी निवडून येतात. जुन्या शहरातून रोज पाठीवर बोजा वाहण्यासाठी नदी ओलांडणाऱ्या कष्टकऱ्याच्या दृष्टीने ही एक जागा महत्त्वाची आहे. ज्याच्या घामावर बाजार चालतो त्यालाही नियम करणाऱ्यांच्या पंक्तीत स्थान आहे, हे तत्त्व त्या एका जागेने मान्य केले.

१९६९ च्या महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायद्यानेही हेच तत्त्व पुढे नेले. या कायद्याखालील मंडळांवर कामगार, मालक आणि शासन या तिन्ही पक्षांचे प्रतिनिधी असतात. भविष्यनिर्वाह निधी, रजा, नुकसानभरपाई यांसारख्या लाभांची सोय या मंडळांमार्फत होते. शासनाने कायदा करावा आणि त्याची अंमलबजावणी संबंधित पक्षांच्या सहभागाने व्हावी, अशी ही घडण आहे.

भावाचे गणित

कापसाचा भाव आज कसा बनतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे. शेतकरी जो विकतो तो कापूस सरकीसह असतो. एक क्विंटल कापसापासून साधारणपणे ३४ किलो रुई निघते. उरते ती बहुतांशी सरकी. रुईच्या १७० किलोच्या गाठी बांधतात आणि व्यापारात ३५६ किलोच्या खंडीवर भाव बोलला जातो. न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात हाच भाव पौंडामागे सेंटांत सांगतात. ३४ किलो म्हणजे सुमारे ७५ पौंड. तेव्हा न्यूयॉर्कला पौंडामागे एक सेंटाचा फरक पडला तर वऱ्हाडातील एका क्विंटलमागे सुमारे पाऊण डॉलरचा फरक संभवतो. पौंडामागे दहा सेंटांची घसरण म्हणजे क्विंटलमागे साडेसात डॉलर. रुपयाचा विनिमयदर, सरकीचा भाव, धाग्याची लांबी, ओलावा आणि देशातील मागणी यांची भर पडून अकोल्याच्या लिलावातील बोली ठरते.

जगातील कापसाच्या भावाचा ‘अ’ निर्देशांक प्रसिद्ध करणारी कॉटलुक ही इंग्लंडमधील खाजगी संस्था आहे. देशोदेशींच्या कापूस सौद्यांना लागू होणारे नियम लिव्हरपूलच्या आंतरराष्ट्रीय कापूस संघाचे असतात. १८४१ मध्ये तेथील दलालांच्या संघापासून या परंपरेचा आरंभ झाला. जगाच्या कापूस व्यापारातील बहुतेक सौदे आजही याच नियमांना अनुसरून होतात. सौदा मोडल्यास तंटा लवादापुढे जातो आणि लवादाचा निवाडा न पाळणाऱ्याचे नाव संघाच्या यादीत झळकते. अशा व्यापाऱ्याशी व्यवहार करण्यास इतर सभासद धजत नाहीत. पोलीस नाही, तुरुंग नाही, तरीही हुकूम चालतो. बिगर-शासकीय सत्तेचे स्वरूप यावरून ध्यानात यावे. भारतातही १९२१ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनने, म्हणजेच आजच्या कॉटन असोसिएशन ऑफ इंडियाने, दीर्घकाळ असेच कार्य केले.

अशा संस्थांवाचून व्यापार चालणे कठीण आहे, हे मान्य केले पाहिजे. अनोळखी माणसाने हजारो मैलांवरून माल मागवायचा, तर प्रत, वजन आणि तंटानिवारण यांचे सर्वमान्य नियम हवेतच. परंतु हे नियम खरेदीदार व विक्रेता पेढ्यांच्या सोयीचे असतात. तीन-चार एकर कोरडवाहू जमिनीत कापूस पिकविणारा कास्तकार या नियमांच्या टप्प्यातच येत नाही. मार्च २०११ मध्ये जागतिक भाव पौंडाला दोन डॉलरच्या वर गेला आणि नंतरच्या काही महिन्यांत तो झपाट्याने उतरला. तेव्हा मोडलेल्या सौद्यांचे तंटे लवादापुढे गेले. उतरलेल्या भावाने माल विकावा लागलेल्या शेतकऱ्याला दाद मागण्यास मात्र असा कोणताही लवाद नव्हता.

शासनाचे कवच आणि त्याच्या मर्यादा

बाजाराच्या या लहरीपासून शेतकऱ्याला संरक्षण देण्याचे प्रयत्न शासनाने वेळोवेळी केले. १९७० मध्ये भारतीय कापूस महामंडळ स्थापन झाले. महाराष्ट्राने १९७१ चा कायदा करून १९७२-७३ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. राज्य सहकारी कापूस उत्पादक पणन महासंघामार्फत ती चालली. हमी भावाचा आधार हे तिचे बळ होते. वाढत गेलेला तोटा आणि चुकाऱ्यातील विलंब या तिच्या अडचणी ठरल्या. २००२ मध्ये खाजगी व्यापाऱ्यांना खरेदीची मुभा मिळाली आणि एकाधिकाराचे युग संपले. त्यानंतर केंद्र शासनाची किमान आधारभूत किंमत आणि कापूस महामंडळाची खरेदी हाच मुख्य आधार उरला. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसास क्विंटलला ७,७१० रुपये आणि लांब धाग्याच्या कापसास ८,११० रुपये ही किंमत जाहीर झाली.

कापडगिरण्यांची कथाही अशीच आहे. अकोल्यातील सावतराम रामप्रसाद मिल आणि मोहता मिल या गिरण्यांचे १९७४ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले. कालांतराने त्या बंद पडल्या. कापूस वऱ्हाडचा, परंतु सूत आणि कापड यांतून निर्माण होणारे मूल्य व रोजगार बाहेर, अशी स्थिती त्यामुळे अधिक ठळक झाली.

देशाच्या सरकारलाही आता जागतिक नियमांच्या चौकटीत वागावे लागते. जागतिक व्यापार संघटना १ जानेवारी १९९५ रोजी अस्तित्वात आली. शेतीला द्यावयाच्या साहाय्यावर तिच्या करारांनी मर्यादा घातल्या आहेत. भारताच्या कापूस आधारभूत किमतीबाबत अमेरिकेने २०१८ मध्ये या संघटनेत हरकतीचे निवेदन दाखल केले. आयात शुल्काचा प्रश्नही असाच नाजूक आहे. २०२१ च्या अर्थसंकल्पात कापसावर लावलेले सुमारे ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्ट २०२५ पासून माफ करण्यात आले आणि ही माफी पुढे ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढविण्यात आली. स्वस्त कच्चा माल मिळावा ही वस्त्रोद्योगाची मागणी होती; ऐन हंगामात भाव दबतील ही शेतकरी संघटनांची भीती होती. एकाच निर्णयावर दोन बिगर-शासकीय घटकांचा विरुद्ध दिशांनी ताण कसा पडतो, याचे हे उदाहरण होय.

आफ्रिकेचा कास्तकार आणि ब्राझीलचा खटला

वऱ्हाडचे दुःख वऱ्हाडापुरते नाही. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड या चार देशांत लक्षावधी गरीब कुटुंबे कापसावर जगतात. अमेरिकेसारखे श्रीमंत देश आपल्या कापूस उत्पादकांना मोठी अनुदाने देतात. त्यामुळे जगात पुरवठा वाढतो, भाव पडतात आणि त्याचा भार अनुदान न मिळणाऱ्या गरीब शेतकऱ्यावर येतो. ऑक्सफॅम या स्वयंसेवी संस्थेने २००२ मध्ये एका अहवालाद्वारे हा प्रश्न जगापुढे मांडला. २००३ मध्ये या चार देशांनी जागतिक व्यापार संघटनेत कापसाचा स्वतंत्र प्रस्ताव दाखल केला. तो तयार करण्याच्या कामी जिनिव्हातील एका बिगर-शासकीय केंद्राचे त्यांना साहाय्य झाले. ज्या देशांजवळ वकिलांची आणि अर्थतज्ज्ञांची फौज नाही, त्यांना वाचा देण्याचे हे काम निःसंशय मोलाचे होते.

ब्राझीलने याच प्रश्नावर २००२ मध्ये अमेरिकेविरुद्ध तक्रार केली आणि २००५ मध्ये अपिलातही निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला. दीर्घ वाटाघाटींनंतर २०१४ मध्ये तडजोड झाली आणि अमेरिकेने ३० कोटी डॉलर ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी असलेल्या संस्थेस दिले. २०१५ च्या नैरोबी परिषदेत विकसित देशांनी कापसावरील निर्यात अनुदाने बंद करण्याचे मान्य केले. देशांतर्गत अनुदानांचा मूळ प्रश्न मात्र सुटलेला नाही. ब्राझीलजवळ संघटित उत्पादक, कायद्याचे ज्ञान आणि प्रत्युत्तर देण्याची आर्थिक ताकद होती. आफ्रिकेतील चार देशांजवळ नैतिक बळ होते, परंतु ती ताकद नव्हती. न्याय्य मागणी आणि तिची पूर्तता यांमधील अंतर संघटनेनेच कापावे लागते.

प्रमाणपत्राचा नवा मार्ग

सरकारांच्या वाटाघाटी रखडल्या तेव्हा काही संस्थांनी दुसरा मार्ग धरला. ग्राहकाने कापड घेताना ते कोणत्या परिस्थितीत तयार झाले हे पाहावे आणि चांगल्या रीतीने पिकविलेल्या मालाला पसंती द्यावी, हा तो मार्ग. ‘फेअरट्रेड’ संस्थेने २००४ मध्ये कापसासाठी आपले निकष लागू केले. त्यांत किमान किंमत आणि त्याशिवाय सामूहिक कामासाठी अधिमूल्य देण्याची तरतूद आहे. या अधिमूल्याचा विनियोग शेतकऱ्यांनीच लोकशाही पद्धतीने ठरवावयाचा असतो. २०१३ पासून या संस्थेच्या सर्वसाधारण सभेत निम्मी मते उत्पादकांच्या संघटनांकडे आली.

‘बेटर कॉटन’ ही चळवळ २००५ मध्ये जागतिक वन्यजीव निधीच्या पुढाकाराने झालेल्या विचारविनिमयातून निघाली आणि २०१०-११ च्या हंगामात भारतासह चार देशांत तिचा पहिला कापूस निघाला. पाणी व कीटकनाशके यांचा वापर कमी करणे, जमिनीचा कस राखणे आणि मजुरांच्या हक्कांचे पालन करणे हे तिचे मुख्य विषय. तिच्या नियामक मंडळात कापडविक्रेते, उत्पादक कारखानदार, स्वयंसेवी संस्था आणि शेतकरी संघटना या चारही वर्गांचे प्रतिनिधी असतात. तथापि या पद्धतीत शेतकऱ्याला वाढीव किमतीची हमी नाही; लाभ मुख्यतः खर्च कमी होण्यातून व्हावा, अशी अपेक्षा आहे.

सेंद्रिय कापसाच्या क्षेत्रात सावधगिरीचा इशाराही मिळाला. २०२० मध्ये भारतातील सेंद्रिय कापसाच्या बनावट प्रमाणपत्रांचे मोठे प्रकरण उघडकीस आले आणि संबंधित आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने काही कंपन्यांवर बंदी घातली. कागदावरचा शिक्का म्हणजे शेतातील वस्तुस्थिती नव्हे. अशा फसवणुकीत बदनामी मात्र प्रामाणिक शेतकऱ्याच्याही वाट्याला येते.

बियाणे, तंत्रज्ञान आणि शेतकऱ्याचा आवाज

बियाण्याच्या क्षेत्रातील कंपन्या हा आणखी एक प्रभावी घटक. २००२ मध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि थोड्याच वर्षांत तो बहुतेक कापूस क्षेत्रावर पसरला. तंत्रज्ञानाच्या मालकीपोटी कंपन्या आकारीत असलेले शुल्क वादाचा विषय झाले. केंद्र शासनाने डिसेंबर २०१५ मध्ये कापूस बियाणे किंमत नियंत्रण आदेश काढला आणि २०१६ मध्ये ४५० ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत ८०० रुपये ठरविली. खाजगी मक्तेदारीवर शासनाचा अंकुश चालू शकतो, हे यावरून दिसून आले.

शेतकरी संघटनांचे मतही एकसारखे नसते, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने परवानगी नसलेल्या तणनाशक-सहनशील कापसाची जाहीर पेरणी करून तंत्रज्ञान निवडण्याच्या स्वातंत्र्याची मागणी केली. दुसरीकडे पर्यावरण व जैवसुरक्षेचा आग्रह धरणाऱ्या संस्थांनी अशा बियाण्यास विरोध केला. दोन्ही बाजू शेतकऱ्याच्या हिताचाच हवाला देतात. अशा वेळी शेतकऱ्याच्या नावाने बोलणारा आणि खुद्द शेतकरी यांतील फरक डोळसपणे ओळखावा लागतो.

या संदर्भात डॉ. पंजाबराव देशमुख यांचे स्मरण उचित ठरेल. अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे १८९८ मध्ये जन्मलेल्या आणि पुढे केंद्रीय कृषिमंत्री झालेल्या पंजाबरावांनी १९५५ मध्ये भारत कृषक समाजाची स्थापना केली. १९५९-६० मध्ये दिल्लीत भरलेल्या जागतिक कृषी प्रदर्शनामागे त्यांचीच प्रेरणा होती. शेतकऱ्याची स्वतःची देशव्यापी संघटना असावी आणि जगाच्या शेतीशी तिचा परिचय व्हावा, ही त्यांची दृष्टी होती. १९६९ मध्ये अकोला येथे स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

वऱ्हाडातील सहकार्याचे प्रयोग

कर्जबाजारीपणा आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या यांमुळे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी २००६ मध्ये पंतप्रधानांनी ३,७५० कोटी रुपयांची साहाय्य योजना जाहीर केली. त्यानंतर याच सहा जिल्ह्यांत ‘केम’ या नावाने परिचित झालेला प्रकल्प २००९ मध्ये सुरू झाला आणि २०१८ पर्यंत चालला. राज्य शासन, संयुक्त राष्ट्रांचा आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधी आणि सर रतन टाटा ट्रस्ट यांचा त्यात एकत्रित सहभाग होता. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने उभी केलेली बचत गटांची लोकसंचालित साधन केंद्रे या प्रदेशात महत्त्वाचा दुवा ठरली.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा हा अकोल्याचा जुना प्रश्न. तेथे विहिरीचे पाणी क्षारयुक्त असल्यामुळे सिंचनास निरुपयोगी ठरते. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलरच्या कर्जसाहाय्याने सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात १५ जिल्ह्यांतील दुष्काळप्रवण गावांबरोबर या पट्ट्यातील ९३२ गावांचाही समावेश करण्यात आला. गावपातळीवरील नियोजनासाठी ग्राम कृषी संजीवनी समित्यांची योजना त्यात होती. २००२ च्या कायदादुरुस्तीने शक्य झालेल्या शेतकरी उत्पादक कंपन्या हाही असाच एक मार्ग आहे. कापूस एकत्र करून, प्रतवारी करून, जिनमध्ये रुई काढून विकल्यास रुई आणि सरकी या दोहोंचे मूल्य शेतकऱ्याच्या पदरात पडू शकते.

चार कसोट्या

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांत दारिद्र्यनिर्मूलन हे पहिले आणि भागीदारी हे सतरावे उद्दिष्ट आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे ७१ वे कलम तर १९४५ पासूनच बिगर-शासकीय संस्थांशी विचारविनिमय करण्याची तरतूद करते. तेव्हा या घटकांना स्थान असावे की नसावे, हा वाद आता उरलेला नाही. त्यांचे काम कोणत्या कसोटीवर तोलावे, हाच खरा प्रश्न आहे. वऱ्हाडच्या अनुभवातून अशा चार कसोट्या निघतात.

पहिली कसोटी प्रतिनिधित्वाची. नियम करणाऱ्यांत तो नियम ज्याच्या पोटाशी निगडित आहे त्यास जागा आहे काय? दुसरी खर्चाची. तपासणी, नोंदी आणि प्रमाणपत्र यांचा भार कोण उचलतो, आणि लाभाचा किती हिस्सा शेतापर्यंत पोहोचतो? तिसरी दाद मागण्याची. अन्याय झाल्यास गरीब माणसास परवडेल अशा ठिकाणी व त्याच्या भाषेत तक्रार करता येते काय? चौथी सातत्याची. प्रकल्पाची मुदत संपली, देणगीदार निघून गेला, तरी मागे गावाची संघटना उभी राहते काय?

या कसोट्या खाजगी संस्थांइतक्याच शासनाच्या योजनांनाही लागू आहेत. कायद्याचे बळ, कर आकारण्याचा अधिकार आणि सर्व नागरिकांप्रती उत्तरदायित्व ही शासनाची वैशिष्ट्ये होत. ती कोणत्याही विश्वस्त निधीस किंवा प्रमाणन मंडळास प्राप्त नाहीत. उलट, देशांच्या सीमा ओलांडून प्रश्न मांडण्याची आणि नवे प्रयोग त्वरेने करून पाहण्याची मोकळीक या संस्थांना आहे. दोघांचे कार्य परस्परपूरक ठरू शकते. एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी, अशी अपेक्षा मात्र व्यर्थ होय.

कारंजाच्या बाजारात १८८६ मध्ये वजनकाटा नियमाखाली आला. त्या बाजाराची व्यवस्था पाहणाऱ्या समितीत शेतकऱ्याला बहुमत आणि हमालाला एक जागा मिळण्यास मात्र दुसऱ्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. जागतिक कापूस व्यापारात आज नियम आहेत, लवाद आहे, निर्देशांक आहे आणि प्रमाणपत्रेही आहेत. पश्चिम आफ्रिकेच्या कास्तकाराला, वऱ्हाडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला आणि जुन्या शहरातील हमालाला त्या समितीत जागा मिळणे अद्याप बाकी आहे. ही जागा मिळविण्यासाठी बचत गट, सहकारी संस्था, उत्पादक कंपनी आणि कामगार संघटना ही साधने वऱ्हाडच्या हाती आहेत. ती जितकी बळकट व स्वच्छ राहतील तितका त्यांचा शब्द मोर्णेच्या दोन्ही तीरांवर आणि त्यापलीकडेही मानला जाईल.